सुटकेनंतरचे ऋण

बंधनातून सुटलेल्या माणसाचे आपण काही देणे लागतो काय, की त्याला मोकळे केले म्हणजे आपले कर्तव्य संपले?

बिरसा-बैहर भागातील आपल्या जुन्या कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. मालगुजारीच्या काळात अनेक घरी सालाने ठेवलेला गडी असे. लग्नासाठी वा आजारपणासाठी घेतलेली उचल फिटता फिटत नसे, आणि बापामागून मुलगा त्याच औताला लागे. आपण त्याला ‘घरचाच माणूस’ म्हणत असू. मात्र वाटणीच्या कागदावर त्याचे नाव कधी आले नाही.

1843 च्या कायद्याने गुलामावरील मालकीहक्काला न्यायालयांची मान्यता उरली नाही. कर्जापोटीची बांधिलकी मात्र चालूच राहिली. पुढे संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तसले कर्जच रद्द ठरविले, आणि त्या बांधिलकीपोटी मिळालेल्या झोपडीतून मजुराला काढता येणार नाही, असेही सांगितले.

तथापि, कर्ज रद्द झाल्याने चूल पेटत नाही. फरीदाबादच्या दगडखाणींतून सोडविलेले मजूर बिलासपूर जिल्ह्यात परतले, तेव्हा तो जिल्हा मध्य प्रदेशातच होता. महिने उलटले तरी त्यांचे पुनर्वसन झाले नाही. नीरजा चौधरी यांच्या याचिकेवर 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की केवळ सुटका पुरेशी नाही. पुनर्वसनाविना सुटलेला माणूस पुन्हा बंधनातच जाईल. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ 1873 साली अमेरिकेतील गुलाम मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्या देशातही 1865 मध्ये काही मुक्त कुटुंबांना दिलेली जमीन त्याच वर्षी मूळ मालकांना परत मिळू लागली होती.

यावर कोणी म्हणेल, ‘आजोबांनी केले, त्याचा भार आमच्यावर का?’ आक्षेप खोटा नाही. दोष वारशाने येत नाही. परंतु गड्याच्या मुलाने बापाची उचल फेडावी, हे आपल्याला कधी अन्यायाचे वाटले नव्हते. त्याच्या श्रमाने पिकलेली जमीन वारशाने घ्यावी आणि ऋण मात्र नाकारावे, हा न्याय आपल्या पितृऋणाच्या कल्पनेतही बसत नाही.

म्हणून सुटकेच्या दिवशी हिशेब मिटत नाही. देणेकरी तेवढा बदलतो.