नाव एक, वचनही एक

पनवेलहून सीएसएमटीकडे निघालेली लोकल आज २५,००० व्होल्टच्या एसी प्रवाहावर धावते. एप्रिल २०१६ पर्यंत याच हार्बर मार्गावर १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली ती हार्बर मार्गावरच, आणि मुंबईच्या लोकलमधला डीसीचा कारभार संपला तोही याच मार्गावर. बदलाच्या मधल्या काळात कुठे एसी, तर कुठे डीसी अशी स्थिती होती, म्हणून दोन्हींवर चालणारे रेक आणावे लागले. प्रवाशाला त्यातलं काही जाणवलं नाही, पण दोन्ही प्रवाहांची यंत्रणा गाडीला सोबत वाहावी लागली. दोन व्यवस्थांमधला फरक आपोआप नाहीसा होत नाही. तो कुणाला तरी पेलावा लागतो. संगणकाच्या जगात हे ओझं कुणी आणि कसं पेलायचं, हा गेल्या पन्नास वर्षांतला एक मूलभूत प्रश्न आहे.

कुठलाही प्रोग्राम थेट डिस्कला किंवा नेटवर्कला हात लावू शकत नाही. ‘ही फाइल उघड’, ‘हे एवढं लिही’ अशी विनंती त्याला ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला करावी लागते. ही विनंती म्हणजे सिस्टिम कॉल. अडचण अशी की, प्रत्येक कर्नलची तऱ्हा वेगळी. एकट्या लिनक्सचं पाहा. ‘राइट’ या कॉलचा क्रमांक ६४ बिटांच्या इंटेल धाटणीच्या प्रोसेसरवर १, ३२ बिटांच्या प्रोसेसरवर ४ आणि ६४ बिटांच्या आर्मवर ६४ आहे. विंडोजमध्ये तर हे क्रमांक आवृत्तीगणिक बदलू शकतात. प्रोग्रामने तिथे मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीमार्फतच जायचं असतं.

१९७३ मध्ये युनिक्स सी भाषेत नव्याने लिहिलं गेलं आणि एकच प्रणाली वेगवेगळ्या यंत्रांवर नेण्याचा मार्ग मोकळा झाला. पण ती जसजशी पसरली, तसतशी प्रत्येक कंपनी तिच्यात आपापली भर घालत गेली आणि भाऊबंदकी सुरू झाली. ती मिटवण्यासाठी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९८८ मध्ये पॉसिक्स हे प्रमाण प्रसिद्ध केलं. त्याचं हे नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवलेलं.

त्याच १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. तिथे घडलेल्या महासंगणकांची वंशावळ पाहिली, की प्रमाणाची गरज लगेच पटते. १९९१ चा परम ८००० इनमॉसच्या ट्रान्सप्युटर चिपांवर उभा होता, १९९८ चा परम १०,००० सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्कवर. पुढचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर आणि २००८ चा परम युवा इंटेलच्या झिऑनवर. यंत्रं अशी दर काही वर्षांनी बदलतात. हवामानाचा किंवा भूगर्भाचा हिशेब मांडणारा प्रोग्राम मात्र दशकानुदशकं वापरात राहतो. यंत्र बदललं म्हणून शास्त्रज्ञाने तो दरवेळी मुळापासून लिहायचा, तर त्याचं आयुष्य त्यातच सरेल.

मात्र प्रमाण आलं, सगळीकडे तीच नावं आली, म्हणून काम संपलं असं मानण्यात धोका आहे. ‘एफसिंक’ या कॉलचं उदाहरण घेऊ. लिहिलेला मजकूर खरोखर डिस्कवर पोचवण्यासाठी प्रोग्राम तो वापरतो. एखाद्या पतसंस्थेत ठेवीची नोंद झाली, एफसिंकने ‘झालं’ म्हणून सांगितलं आणि त्याच क्षणी वीज गेली, तर नोंद शाबूत हवी. मॅकओएसवर हा कॉल याच नावाने आहे. पण मजकूर डिस्कच्या आतल्या तात्पुरत्या साठ्यात अडकलेला असू शकतो, असं त्याच्या माहितीपत्रकातच अॅपलने लिहून ठेवलं आहे आणि पक्क्या खात्रीसाठी वेगळी सोय दिली आहे. प्रोग्राम मॅकओएसवर आणि इतरत्र सारखाच चालताना दिसतो. फरक कळतो तो वीज गेल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो.

उघडी फाइल पुसण्याचंही तेच. युनिक्सवर तिचं नाव लगेच जातं आणि वापरणाऱ्याचं काम चालू राहतं. विंडोजवर पूर्वापार अशी विनंती सहसा नाकारली जाते. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लिनक्सचे सिस्टिम कॉल विंडोजच्या कर्नलला समजतील असे फिरवून देणारा थर आणला. मोठं आणि धाडसी काम होतं ते. तरीही फाइलींचा वेग आणि बारीकसारीक वागणूक जुळवणं जड गेलं. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी सरळ लिनक्सचा खरा कर्नलच विंडोजच्या आत चालवायला घेतला.

म्हणून मला एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची रीत अनुकरणीय वाटते. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो असतो. ऑपरेटिंग सिस्टिमशी येणारा सगळा संबंध त्याने एका पातळ थरात बांधून ठेवला आहे: युनिक्ससाठी एक फाइल, विंडोजसाठी दुसरी. फाइल उघडणं, कुलूप लावणं, डिस्कवर पोचवणं यांतून वरच्या भागाला नेमकं काय मिळायला हवं, ते तिथे ठरलेलं आहे. फरक एका जागी गोळा केले, की ते तपासता येतात आणि दुरुस्तही करता येतात.

केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणांचं धोरण स्वीकारलं. ते योग्यच झालं. पण कागदावर ‘प्रमाणानुसार’ असा शेरा मिळाला म्हणजे नागरिकाची नोंद सुरक्षित झाली, असं होत नाही. कॉल अयशस्वी झाला तर काय होतं, वीज मध्येच गेली तर काय उरतं, दोन प्रोग्राम एकाच फाइलवर आले तर कुणाचं चालतं, हे प्रत्येक प्रणालीवर करून पाहावं लागतं. पनवेल-नवी मुंबईच्या महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिम शिकणारी मुलं ‘फोर्क’, ‘ओपन’, ‘राइट’ ही कॉलची नावं घोकून पाठ करतात. प्रयोगशाळेत त्यांना एकच प्रोग्राम दोन प्रणालींवर चालवायला द्यावा आणि मुद्दाम मध्येच बंद पाडायला सांगावा. जे उरेल, ते वहीत शेजारी शेजारी मांडायला लावावं. सारख्या नावामागे वचनही सारखं आहे का, हे विचारायची सवय त्यांना तिथेच लागेल. आणि उद्या हीच मुलं आपल्या बँकांचं, रुग्णालयांचं आणि तहसील कचेऱ्यांचं सॉफ्टवेअर लिहिणार आहेत.