मूल घेऊन दूर जाताना



नवराबायको वेगळे झाले की मूल कुणाकडे राहणार, हाच प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो. तो कसाबसा सुटतो आणि काही महिन्यांनी दुसरा उभा राहतो. ज्याच्याकडे मूल आहे त्याने ते घेऊन गाव सोडावे का? आईला माहेरी जायचे असते किंवा पुण्याला काम मिळालेले असते. कधी वडीलच मुलांना घेऊन सुरतेला निघतात. मागे राहणाऱ्याला वाटते, मूल हातचे गेले. जाणाऱ्याला वाटते, आता मी कुठे राहावे हेही याला विचारायचे का?

अशा वेळी आपल्यापैकी कुणीतरी शलमोन राजाची गोष्ट काढतो. दोन स्त्रिया, एक बाळ आणि राजाने मागवलेली तलवार. जिने हक्क सोडला ती खरी आई ठरली. मग दोघांपैकी जो स्वभावाने शांत असेल त्याला सल्ला मिळतो, "तूच समजूतदार हो, सोडून दे." आम्हाला हा सल्ला पटत नाही. शलमोनापुढच्या दोघींपैकी एक खोटे बोलत होती. इथे आई खरी आणि बापही खरा. एकाने माघार घेतली तर भांडण मिटते, पण मुलाचे एक माणूस कमी होते.

कायदाही याच बाजूने विचार करतो. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १८६९ चा घटस्फोट कायदा आणि १८९० चा पालक व पाल्य कायदा लागू आहे. १९७३ साली मद्रासकडच्या एका ख्रिस्ती दाम्पत्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुले ही आईबापांची मालमत्ता किंवा खेळणी नाहीत. पाहायचे ते मुलाचे हित. १८९० च्या कायद्यानुसार न्यायालयाने नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर कायमचे हलवता येत नाही. आणि ताब्याचा अर्ज जिथे मूल नेहमी राहते तिथल्या न्यायालयात करायचा असतो. म्हणून काही जण वकिलाच्या सांगण्यावरून रातोरात मूल हलवतात, म्हणजे दुसऱ्याने तिकडे खेटे घालावेत. ही चलाखी आहे, आणि ती मुलाच्या जिवावर केलेली आहे.

पण गाव सोडणे हेच चूक, असे मात्र नाही. २०२२ साली पुण्यातील एका आईने ९ वर्षांच्या मुलीला घेऊन नोकरीसाठी पोलंडला जाण्याची परवानगी मागितली. वडिलांचा विरोध होता. मुलगी आपल्यापासून तुटेल ही त्यांची भीती होती, शिवाय शेजारी युक्रेनमध्ये युद्ध पेटलेले. मुंबई उच्च न्यायालयाने आईला परवानगी दिली. आईला नोकरीची संधी नाकारता येणार नाही, मात्र दोघांच्या हिताचा समतोल राखला पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. म्हणून वडिलांना प्रत्यक्ष आणि व्हिडिओवरून मुलीला भेटता येईल अशी व्यवस्थाही सांगितली.

आम्हाला यात न्याय दिसतो. जो मुलाला घेऊन दूर जातो त्याच्यावर त्या अंतराचे ऋण चढते. मधली वाट उघडी ठेवणे हे आधी त्याचे काम. आपल्याकडे हे अंतर पोलंडचे नसते, पण लहानही नसते. बुलढाण्याला रेल्वे नाही. एसटीने मलकापूर गाठायचे, मग पुढची गाडी. मुलाला दोन तास भेटण्यासाठी रोजंदारीवरच्या माणसाची दोन दिवसांची मजुरी बुडते, वर तिकीट. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी अर्धी, तिकिटाचा खर्च कुणाचा, फोन कोणत्या वारी, हे निघण्यापूर्वीच लिहून ठरवावे. मागे राहणाऱ्यानेही भेटीचा हक्क दाव्यासारखा वापरू नये. जिला इथे काम नाही आणि आधार नाही, तिला "मुलासाठी इथेच राहा" म्हणणे सोपे असते. सांगणारा मात्र बहुधा पोटगी थकवून बसलेला असतो! आणि पोटगी आली नाही म्हणून मुलाला भेटू न देणे हेही तितकेच वाईट. पैशाचा हिशेब मोठ्यांचा आहे, भेट मुलाची आहे. मुलांना ओलीस धरू नका, असे पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या आपल्या पत्रात आईबापांना कळकळीने बजावले होते.

एक गोष्ट वेगळी धरली पाहिजे. दारू आणि मारहाण यांतून जी जीव वाचवून निघते, तिने निघण्याआधी कुणाची संमती घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि भेटीमुळे मुलाला इजा होईल असे दिसल्यास दंडाधिकारी भेट नाकारू शकतात. अशा बहिणीला "घर मोडू नकोस" म्हणून परत पाठवणाऱ्यांत आपण नसावे.

विभक्त झालेल्यांच्या मुलांचे पालनपोषण आणि शिक्षण नीट व्हावे, ही ख्रिस्तसभेच्या कायद्याचीही अट आहे. इथे आपल्या धर्मग्रामाला एक छोटे काम करता येईल. मूल दुसऱ्या गावी गेले की तिकडच्या फादरांकडे फक्त एकाच पालकाचा पत्ता पोहोचतो. पुढे प्रथम कम्युनियन होते, दृढीकरण होते आणि दुसऱ्याला ते फोटोतून कळते. मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला पाठवताना, जिथे मुलाला धोका नाही तिथे, सोबत आई आणि वडील दोघांचे पत्ते व फोन नंबर लिहून द्यावेत आणि तारीख ठरली की दोघांनाही कळवा, अशी एक ओळ घालावी.