स्फटिकाचं वय

सुरतेच्या पश्चिमेला, तापी समुद्राला मिळते त्या टोकाशी, हजीरा आहे. सुरतेतल्या उधना-लिंबायतीत जळगाव-धुळ्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, त्यामुळे हजीरा हे नाव मराठी कानाला परकं नाही. शेतकऱ्याला ते युरियाच्या गोणीमुळे ठाऊक असतं, कारण कृभकोचा मोठा कारखाना १९८६ पासून इथे चालू आहे. मुंबईपासून दूर समुद्रातल्या वसई क्षेत्राचा वायू हजीऱ्यालाच किनाऱ्यावर येतो. नैसर्गिक वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन चारशे अंशांच्या आसपास तापवून, शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली एकत्र आणले की अमोनिया होतो आणि अमोनियापासून युरिया.

शेतात मात्र हा सगळा प्रवास उलटा होतो. मातीत युरीएज नावाचं एन्झाइम असतं, ते युरियाचा पुन्हा अमोनिया करून टाकतं. युरिया वरवर फेकून ठेवला आणि वेळेवर पाणी दिलं नाही, तर शेतकऱ्यानं मोजलेल्या पैशांतला काही भाग वायू होऊन उडून जातो. कारखान्यानं एवढ्या उष्णतेनं आणि दाबानं जे बांधलं, ते हे प्रथिन साध्या ओलसर मातीत फटाफट मोडतं. त्याचा वेग पाण्यात आपोआप होणाऱ्या विघटनाच्या तुलनेत एकावर चौदा शून्यं इतक्या पटीच्या घरात जातो.

प्रथिनांच्या स्फटिकांवर आयुष्य घालवणाऱ्या माणसांबद्दल लिहायचं तर मी या युरीएजपासूनच सुरुवात करीन. जगात सर्वांत आधी स्फटिकरूपात मिळालेलं एन्झाइम हेच. जेम्स समनर यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९१७ मध्ये ते हाती घेतलं. ते मूळचे डावखुरे. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात नेमका डावा हात कोपराखाली गेला. एका हातानं रसायनशास्त्र जमायचं नाही, वकिलीकडे वळ, असा सल्ला त्यांना हार्वर्डमध्ये मिळाला होता. त्यांनी निवडलेला कच्चा माल म्हणजे आपल्या अबईच्या जवळच्या नात्यातलं एक कडधान्य, कारण त्यात युरीएज भरपूर असतं. नऊ वर्षांनी, १९२६ मध्ये, ॲसिटोन घालून रात्रभर थंडीत ठेवलेल्या अर्कात त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली बारीक स्फटिक दिसले. एन्झाइम म्हणजे प्रथिनच, हे त्यावरून त्यांनी जाहीर केलं. ते कुणी लगेच मानलं नाही. नोबेलविजेते रिखार्ड विलश्टेटर विरोधात होते. समनर यांना नोबेल मिळालं ते १९४६ मध्ये.

इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. मला त्यापुढची जास्त महत्त्वाची वाटते. समनर १९५५ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या स्फटिकाच्या आत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यात निकेल आहे हे कळलं १९७५ मध्ये. जिवाणूतल्या युरीएजची रचना १९९५ मध्ये उलगडली. आणि ज्या कडधान्यावर समनर यांनी उमेदीची वर्षं खर्च केली, त्याच्या युरीएजची रचना प्रसिद्ध झाली २०१० मध्ये. ती केली मद्रास विद्यापीठातल्या बालसुब्रमणियन आणि पोन्नुराज या दोघांनी. पहिल्या स्फटिकापासून रचनेपर्यंत चौऱ्याऐंशी वर्षं लागली, म्हणजे माणसाचं एक अख्खं आयुष्य, आणि तेही दीर्घायुषी माणसाचं.

एवढा वेळ का लागतो? देखणा स्फटिक मिळाला म्हणजे तो उपयोगी पडेलच असं नाही. आतले रेणू पुरेशा शिस्तीत रचलेले नसले तर क्ष-किरणांचं चित्र पुसट येतं. चित्र स्वच्छ आलं तरी ठिपक्यांची तीव्रता तेवढी मोजता येते. लहर कुठल्या टप्प्यावर असताना तिथे पोचली हे ठिपका सांगत नाही, आणि त्यावाचून अणूंच्या जागा निघत नाहीत. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये १९३७ मध्ये हिमोग्लोबिन हाती घेतलं तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. प्रथिनाला पाऱ्याचे अणू जोडून ही अडचण सोडवायला १९५३ उजाडलं आणि रचना दिसली तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनचं पहिलं क्ष-किरण चित्र १९३५ मध्ये घेतलं. रचना १९६९ मध्ये निघाली. मधल्या काळात पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या रचना सोडवून त्यांना नोबेलही मिळून गेलं होतं.

इन्सुलिनच्या त्या गटात एम. विजयन् होते. ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतले आणि प्रथिन-स्फटिकशास्त्र भारतात रुजलं ते प्रामुख्यानं त्यांच्या हातून. त्यांनी निवडलेल्या प्रथिनांपैकी एक भुईमुगाच्या दाण्यातलं लेक्टिन. त्याचे स्फटिक मिळाल्याचा छोटासा निबंध १९८२ मध्ये आला. त्यावर पहिलं नाव बेळगावच्या दिनकर साळुंके यांचं. रचनेचा निबंध आला १९९४ मध्ये. त्यावर नऊ नावं आहेत आणि दुसरं नाव नागपूरच्या शेखर मांडे यांचं. दोन्ही निबंधांत समान नावं दोनच, सहलेखक सुरोलिया आणि स्वतः विजयन्. मधल्या बारा वर्षांत विद्यार्थी आले, गेले. साळुंके पुढे दिल्लीत रोगप्रतिकारशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत गेले. मांडे हॉलंड, सिएटल, चंदीगड करत हैदराबादला पोचले, पुढे पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे संचालक झाले आणि मग सीएसआयआरचे महासंचालक. भुईमुगाचं लेक्टिन मात्र प्रयोगशाळेत होतं तिथेच राहिलं.

म्हणून या विद्याशाखेत ‘कारकीर्द’ हे माप मला अपुरं वाटतं. पीएच.डी.ची शिष्यवृत्ती पाच वर्षांची असते. स्फटिकाला ते माहीत नसतं. एकानं प्रथिन शुद्ध करायचं, दुसऱ्यानं स्फटिक वाढवायचे, तिसऱ्यानं त्यांची मोजमापं घ्यायची, आणि यातला कोणता टप्पा आपल्या वाट्याला येईल हा पुष्कळसा नशिबाचा भाग. याचं उदात्तीकरण करायची मला मुळीच हौस नाही. उशीर हा काही गुण नव्हे. इंदूरच्या इंडस-२ वर भाभा अणुसंशोधन केंद्रानं प्रथिनांसाठी स्वतंत्र क्ष-किरण वाहिनी उभारली, ती काम लवकर व्हावं म्हणूनच. आणि ज्याच्या वाट्याला फक्त न जमलेले स्फटिक येतात, त्याला तुम्ही परंपरेचे वारस आहात असं सांगून त्याची नोकरी होत नाही.

काही वेळा मात्र उत्तर हाती येतं आणि प्रश्नच बदलतो. मांडे यांच्या गटानं हैदराबादमध्ये क्षयाच्या जिवाणूतल्या एका शॅपरोनिनची रचना २००४ मध्ये प्रसिद्ध केली. इतर प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करणारं हे प्रथिन. आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूत त्याचे चौदा घटक सात-सातच्या दोन कड्यांत बसतात आणि मधल्या पोकळीत काम चालतं. क्षयाच्या जिवाणूच्या स्फटिकात घटक निघाले दोनच, त्यामुळे पोकळीचा पत्ताच नव्हता. मग काम होतं कसं?

उत्तर हाती आल्यावरही काही जागा कोऱ्या राहतात. ज्याचं लेक्टिन वर आलं त्याच भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हजीऱ्याच्या अमोनिया संयंत्राचं काम करतात, तेही भट्टीवाचून, मातीच्याच तापमानाला. ते करणाऱ्या नायट्रोजिनेज या एन्झाइमची रचना १९९२ मध्ये दिसली. लोह-गंधकाच्या गुंत्याच्या मधोमध रिकामी जागा आहे असं तेव्हा वाटलं. २००२ मध्ये अधिक बारकाईनं पाहता तिथे एक हलका अणू आढळला. तो कार्बन आहे हे ठरायला २०११ उजाडलं. सोडवलेल्या रचनेतला एक अणू ओळखायला एकोणीस वर्षं गेली, आणि नायट्रोजिनेजची नक्कल करणारा कारखाना अजून उभा राहायचा आहे.

प्रथिनाच्या घडीचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीच्या निर्मात्यांना २०२४ चं नोबेल मिळाल्यापासून मुलं विचारतात, या धंद्यात आता उरलं काय? अल्फाफोल्ड शिकलं ते १९७१ मध्ये सात रचनांनिशी सुरू झालेल्या आणि आता दोन लाखांच्या वर गेलेल्या सार्वजनिक साठ्यावर. हा अंदाज ते विलक्षण चांगला बांधतं आणि त्यामुळे पूर्वीची कित्येक वर्षांची पायपीट वाचते, हे मान्य करायलाच हवं. पण मधोमध खरोखर काय बसलं आहे, हे तपासायला अजूनही कुणाला तरी स्फटिक वाढवावा लागतो. संशोधकाच्या अर्जात प्रसिद्ध केलेल्या रचनांसाठी रकाना असतो. दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या स्फटिकांसाठी नसतो. तो असावा, असं माझं मत आहे. तो भरताना थापा मारणारे निघतील, हेही मला दिसतं. पण थापा काय, पहिल्या रकान्यातही मारल्या जातात.