वैजनाथा, जागा मागायची कशी?

वैजनाथा,

परळीत असतो तर गाभाऱ्यात येऊन दोन्ही हात पिंडीवर ठेवले असते आणि मग बोललो असतो. तुला हात लावून बोलायची आम्हा परळीकरांना सवय. इथं फ्रँकफुर्टच्या विमानतळावर रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि हाताशी खुर्चीचा गार लोखंडी दांडा आहे. तेवढ्यावर भागवून घे.

आधी तक्रार ऐक, मग मागणं सांगतो. तक्रार तुझ्याकडेच आणली, कारण दुसरीकडे न्यायची मनाई आहे. निघताना धाकट्यानं बजावलं होतं, "बाबा, काउंटरवर एकदाच विचारायचं. वाद घालायचा नाही. शर्ट खोचलेला पाहिजे, पायात बूट पाहिजेत. आणि शेजारच्याला आपलं तिकीट कसलं आहे ते सांगत बसायचं नाही." तो मुंबईत एका विमान कंपनीत नोकरीला आहे. कंपनी त्याच्या आईवडिलांना नाममात्र पैशांत तिकीट देते, अट एवढीच की विमानात जागा उरली तर बसायचं. आम्ही इथं काही बोललो तर ते त्याच्या नावावर जाणार आणि त्याची सवलत बंद होणार. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस, गप्प बसायला शिकतोय.

थोरली शिकागोला आहे. तिचे दिवस भरत आलेत. बाळंतपणाला आई पाहिजे, म्हणून आम्ही निघालो. दोघांचं पूर्ण भाड्याचं तिकीट माझ्या पेन्शनीत बसलं नसतं. त्यामुळे या तिकिटाबद्दल मी कृतघ्न नाही, हे आधी तुझ्या वहीत लिहून घे.

पण देवा, हे स्टँडबाय प्रकरण फार वाईट. मुंबईहून इथपर्यंत सगळं ठीक होतं. लेकानं मोबाइलवर बघून सांगितलं, "लोड बरा आहे," म्हणजे जागा रिकाम्या आहेत. मध्यरात्रीनंतरच्या विमानात आम्ही शेजारी शेजारी बसून आलो. इथून पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं. त्या कंपनीचे नोकर आणि त्यांच्या घरचे यादीत आधी, परक्या कंपनीचे त्यांच्यानंतर. त्यातही ज्याची नोकरी जुनी तो वर, नवी तो खाली. माझ्या पोराची नोकरी कालपरवाची, म्हणजे आम्ही तळाला. वय, गुडघे, लेकीचे भरलेले दिवस, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

बरं, रिकामी जागा दिसली म्हणजे ती मिळेलच असंही नाही. काही लोक ऐनवेळी येत नाहीत हा कंपन्यांचा अनुभव, म्हणून त्या खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले तर यादीतल्यांनी घरी जायचं. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना समोरून जोराचा वारा असतो. इंधन जास्त घ्यावं लागतं, वजन आवरावं लागतं, आणि मग कधी कधी खुर्च्या रिकाम्या ठेवूनच विमान उडतं. त्या खुर्च्या मला डोळ्यांनी दिसतात आणि बसता येत नाही. वारा तुझ्या खात्यात येतो ना? तेवढं बघ.

पैसे भरलेल्या प्रवाशाला जागा नाकारली तर युरोपात त्याला भरपाई मिळते. इथून शिकागोएवढ्या लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत. तो नियम २००४ सालचा, क्रमांक २६१. त्याच नियमात लिहून ठेवलंय की फुकट किंवा सर्वांना न मिळणाऱ्या सवलतीच्या भाड्यानं जाणाऱ्याला तो लागू नाही. आणि २६१ हा आकडा तर आम्हा बीडवाल्यांच्या चांगला ओळखीचा. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गाची लांबी तेवढीच, २६१ किलोमीटर. गेल्या शतकात मंजूर झालेला मार्ग, आणि बीड शहरात प्रवासी गाडी पोचली २०२५ च्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. पुढचा परळीपर्यंतचा टप्पा तेव्हाही बाकीच होता. वाट बघायची तालीम तू आमच्याकडून भरपूर करून घेतलीस. म्हणून मी इथं रडत नाही, फक्त नोंद करतोय.

आता खरी गोष्ट.

आज दुपारी दार बंद व्हायच्या बेतात गेटवरच्या मुलीनं आमच्या आडनावाचा उच्चार कसाबसा केला आणि एक बोट वर केलं. जागा एकच. आमची नावं दोन. विचार करायला मिनिटभर वेळ. आमच्या बीडमध्ये ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उन्हातान्हात राबवून घेणाऱ्या त्या धंद्यानंही नवराबायको एकत्र धरले. इथं चकचकीत फरशीवर उभं करून आमचा कोयता मोडला.

बाळंतपण तिच्याविना अडेल, माझ्याविना अडणार नाही. मी म्हणालो, "जा." ती म्हणाली, "आन् तुमी?" तेवढ्यात मुलीनं पास फाडला. ती गेली. गेल्यावर लक्षात आलं, तिचा वाचायचा चष्मा माझ्या खिशात राहिलाय आणि माझ्या बीपीच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये गेल्यात.

मग मी काचेपाशी जाऊन उभा राहिलो. विमानाच्या पोटाशी पट्टा लावलेला होता. एक माणूस आत वाकला आणि त्यानं एक बॅग बाहेर काढली. निळी, जुनी, आणि हँडलला लाल-हिरवी नाडी बांधलेली. अशी नाडी कोण बांधतं, ते तुला सांगायला नको. आपल्याकडचंच कुणीतरी. ती बॅग त्यानं गाडीवर बाजूला ठेवली, आणि थोड्या वेळानं आमची डिंकाच्या लाडवांची बॅग पट्ट्यावरून वर गेली.

हे का, ते मला लेकाकडून ठाऊक होतं. १९८५ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बनं फुटलं. ३२९ माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता तिचा मालक विमानात चढलेलाच नव्हता. त्यानंतर जगभर पद्धत कडक झाली की आंतरराष्ट्रीय विमानात माणूस आला नाही तर त्याची बॅगही जाता कामा नये. म्हणजे त्या नाडीवाल्या बॅगेचं माणूस आलं नव्हतं. त्याच्या खुर्चीत माझी बायको बसली होती.

वैजनाथा, माझी अडचण इथं आहे. सकाळपासून मी तुझा जप करत होतो, एक जागा सुटू दे, एक जागा सुटू दे. ती सुटली. पण जागा आपोआप सुटत नसते. कुणीतरी मागच्या विमानाला उशीर झाला म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहिलं असेल. कुणाला कागदांवरून अडवून ठेवलं असेल. कुणाला वाटेत फोन आला असेल की आता यायचं कारण उरलं नाही. मी मागणं घातलं एका खुर्चीचं, आणि त्या मागण्याच्या पोटात कुणाचं तरी न पोचणं होतं.

तू म्हणशील, मास्तर, तुम्हाला हे आत्ता सुचलं का? नाही. रिकामी जागा म्हणजे काय, ते मी धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात शिकलो. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघायच्या, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. सुट्टीनंतर हजेरी घ्यायला उभा राहिलो की नावामागून नाव पुकारायचो आणि उत्तर यायचं नाही. मग एखादं पोर आपणहून सांगायचं, "गेलं गुरुजी, कारखान्याला." पुढं हंगामी वसतिगृहं आली, काही लेकरं गावात राहू लागली. पण वर्ग पुरता भरलेला मला गुढीपाडव्याच्या आसपासच दिसायचा. पुढचा बाक मोकळा झाला की मागचं एखादं पोर खुशीत पुढं येऊन बसायचं, फळा नीट दिसायचा त्याला. त्याचं काहीच चुकत नव्हतं, मी कधी त्याला उठवलं नाही. पण मी शिकवताना त्याच्याकडं बघायचो तेव्हा मला दुसरं लेकरू दिसायचं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांच्या वर बसलेलं.

आज मागच्या बाकावरून उठून पुढं बसलो ते आम्ही.

तेव्हा आता माझं मागणं नीट ऐक, मी ते शब्द तोलून मांडतोय.

त्या नाडीवाल्या बॅगेच्या माणसाला आधी बघ. बाई आहे की बाप्या, मला ठाऊक नाही. उशीर झाला असेल तर उद्याच्या पहिल्या विमानात त्याला बसव, आणि त्याची जागा माझ्या आधी लाव. अडवून ठेवलं असेल तर खिडकीमागच्या माणसाच्या मनात दया घाल. वाईट फोन आला असेल तर त्याच्याजवळ कुणीतरी आपलं माणूस असू दे. त्याची बॅग त्याला मिळू दे, तिच्यातही कुणीतरी लाडू भरले असतील.

माझ्या बायकोला सुखरूप पोचव. ती एकटी परभणीच्या पलीकडं कधी गेली नाही. शिकागोत इमिग्रेशनच्या खिडकीवर काय करायला आलात असं विचारतील, तेव्हा लेकीनं पाठ करून घेतलेलं वाक्य तिला आठवू दे. नाहीच आठवलं तर तिनं पोटावरून हात फिरवून दाखवावा आणि समोरच्या माणसाला ते कळावं. चष्म्याशिवाय कुठं सही करायची ते तिला कुणीतरी बोटानं दाखवू दे.

आजच्या रात्रीपुरतं माझं बीपी तू सांभाळ. सकाळी औषधाची काहीतरी सोय करतो, तोपर्यंत जबाबदारी तुझी.

गेटवरच्या त्या मुलीला शांत झोप दे. दिवसभर ती माणसांना नाही म्हणत होती आणि प्रत्येक वेळी चेहरा पाडून म्हणत होती. तिच्या हातात काही नसतं, हे मी ओळखतो. शिष्यवृत्तीच्या याद्या मीही वाचून दाखवल्यात.

यादीतल्या बाकीच्यांनाही विसरू नकोस. एक बाई तान्ह्या लेकराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतेय, एक पांढऱ्या केसांचा गोरा म्हातारा शब्दकोडं सोडवतोय. आम्ही एकमेकांकडं बघून हसतो आणि हसता हसता मनात मोजतो, हा माझ्या वर की खाली. एकाच संकटातली माणसं एकमेकांची स्पर्धक व्हावीत, ही व्यवस्था काही तुझी नसणार. आमच्या मनातली ती मोजणी तेवढी बंद कर. त्या लेकराला माझ्या आधी जागा मिळाली तर मला आतून बरं वाटू दे, नुसतं वरून नको.

धाकट्याला बळ दे. तिकडं मुंबईत रात्र उलटत चालली आणि तो झोपलेला नाही. दर तासाला मेसेज करतो, "बाबा, उद्याचा लोड बघितला." आईवडिलांना आपण फसवलं असं त्याला वाटतंय. त्याला सांग, त्यानं दिलं म्हणूनच आम्ही इथवर आलो. मला हे लिहायला जमत नाही, मी नुसता अंगठा पाठवतो.

आणि आता माझी जागा. मागतोच, कारण लेकीचं तोंड बघायचंय. पण अशी दे की जी कुणाच्या हातून हिसकलेली नसेल. विकलीच न गेलेली एखादी दे, मधली, दोन धिप्पाड माणसांच्या बेचक्यातली, शेवटच्या रांगेतली, संडासाजवळची. किंवा कुणीतरी हसत हसत सोडलेली दे. परतीचं तिकीट काढलेल्या एखाद्या पोराला आईनं म्हणावं, अजून आठ दिवस राहा, आणि त्यानं राहावं. त्याच्या खुर्चीत मी आनंदानं जाईन. अशी जागा उद्या नसेल तर परवा बघ. माझी घाई आहे, पण दुसऱ्याच्या जिवावर नको.

रात्री अकरा ते पहाटे पाच इथं विमानं उडवायची नाहीत असा नियम आहे, आसपासच्या गावांना झोप मिळावी म्हणून. म्हणजे पाचपर्यंत तुलाही काम नाही आणि मलाही नाही. तेवढ्या वेळात हे सगळं नीट लावून ठेव.

शेवटचं एकच. येणाऱ्या बाळाला माझ्यासाठी थांबवून ठेवू नकोस. त्याची वेळ झाली की त्याला येऊ दे, आजी पोचली असेल. आजोबाचं नाव यादीत आहे, तो येईल मागून.