झाकलेले दात

बैल विकत घेताना माणूस त्याचे दात पाहतो, खांदा चाचपतो, दहा पावलं चालवून पाहतो. जुनी जीप घेताना तो काय पाहणार? रंग, टायर, फार तर इंजिनचा धूर. सगळा भार ज्या दातांवर पडतो ते झाकलेलेच असतात. मग ज्याला ते ठाऊक आहेत, त्यानं सांगावं की गप्प राहावं?

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, तो डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या चालीनं फिरू द्यायचं आणि ताकद मात्र दोघांनाही पोचवायची, हे त्याचं काम. आत क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी तेलात फिरते. कारखान्यातच ती एकमेकांवर घासून जुळवलेली असतात, म्हणून एक गेलं की दोन्ही बदलावी लागतात.

बाभुळगावला आमच्या घरच्या जुन्या जीपची ही जोडी गेली तेव्हा मिरग तोंडावर आला होता. बियाण्याला पैसा हवा म्हणून मोठे बाबा जीप विकायलाच निघाले होते. मागून आधी घूंऽऽ असा आवाज यायचा, मग खटखट सुरू झाली. अंगणातच जॅक लावला, खाली बाभळीचे ठोकळे दिले, एक्सल ओढून काढले. तेल घमेल्यात सोडलं, तर त्यात चांदीसारखा चुरा आणि दाताचा एक तुकडा.

मिस्त्री म्हणाला, "काकाजी, कायले खर्चात पडता? दोन मुठी लाकडाचा भुसा टाका तेलात. आवाज बंद! गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं का आपला काय संबंध?"

मिस्त्री काही वाईट माणूस नव्हता. घेणाऱ्यालाही डोळे असतात, जुन्या मालाचा भाव जुनाच असतो, आणि आमची नडही खोटी नव्हती. पण भुसा दातांमधली फट भरतो, तुटलेला दात भरून काढत नाही. काही दिवसांत तो दळला जातो, बेअरिंगकडं जाणारं तेल अडवतो. मग एखाद्या दिवशी कापूस वेचायला निघालेल्या बाया मागं बसलेल्या असताना चाक जाम होऊ शकतं.

मोठे बाबा एवढंच बोलले, "खोललं नसतं तं गोष्ट येगळी होती. आता मले माहीत हाय ना बाप्पा."

यवतमाळहून नवी जोडी आणली. पिनियनमागं पातळ शिम घालून ती बसवली, दातांना तेलात कालवलेला शेंदूर फासला आणि क्राउन हातानं फिरवून पाहिलं. खूण दाताच्या मधोमध उमटली पाहिजे. टोकाला किंवा मुळाशी उमटली की सगळं पुन्हा काढायचं, शिम बदलायची. तीन दिवस गेले.

गिऱ्हाईक आलं तेव्हा मोठ्या बाबांनी तो तुटका दात त्याच्या हातावर ठेवला. घरची दुरुस्ती म्हणून त्यानं भाव पाडला. नव्या जोडीचा खर्च वजा जाता थोडकंच उरलं. बियाणं उधारीवर आणावं लागलं. खरं बोलल्याचं फळ मिळतं, हे सांगायला ही गोष्ट कामाची नाही.

1872 च्या भारतीय करार कायद्यातही हाच पेच आहे. खोट मुद्दाम झाकणं ही फसवणूक, असं कलम 17 सांगतं. म्हणजे भुशाचा निकाल सोपा. अवघड आहे ते नुसतं गप्प राहणं. तिथं एक उदाहरण दिलंय. घोड्यात खोट आहे हे ठाऊक असून मालक लिलावात काही न बोलता तो विकतो. ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं.

कायद्याला कुठंतरी रेघ ओढावीच लागते. बाजारात परका, घरात लेक. पण मोठ्या बाबांसारख्या माणसाला ती रेघ सापडत नाही. गिऱ्हाईक कळंबचं असो की नेरचं, त्याच्या गाडीत कोणाची तरी लेक बसणारच असते.