माजघरापासून सुरुवात

कोकणातलं आमचं जुनं घर आम्ही दुरुस्त करतोय, एका वेळी एकच खोली. गेल्या मे महिन्यात माजघर घेतलं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतीवर पूर्वी कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. भिंत पक्की व्हावी, एवढाच हेतू. पण जांभा पाणी शोषतो आणि ते बाहेर पडायला त्याला वाट लागते. सिमेंटने ती वाट अडवली, ओल आत कोंडली, पोपडे सुटले. गिलावा छिन्नीने उतरवला तेव्हा आतला चिरा हाताला गार, ओलसर लागला. इतकी वर्षं तो तसाच होता, याचं फार वाईट वाटलं. पंधरा दिवस भिंत उघडी ठेवून सुकू दिली, मग चुना लावला. चुन्यातून ओल निघून जाते. पण आधी तो भिजवून मुरवावा लागतो, तिथे घाई चालत नाही.

पडवीची कौलं उतरवताना लेकीने एक उलटून पाहिलं. मागे मंगळूरच्या कारखान्याची छाप! बासेल मिशनने १८६५ मध्ये तिथे कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं पुढे दूरदूरच्या घरांवर चढली. आम्ही धड असलेलं प्रत्येक कौल धुऊन परत बसवलं.

माजघरात दिव्याचा एक कोनाडा आहे. त्याच्या वर आजीच्या काळापासूनची काजळी. गवंडीकाकांनी विचारलं, "वहिनी, हे खरवडू ना?"

आई म्हणाली, "तेवढं राहू दे."

त्यांनी काजळीभोवतीचा चुना बोटाने पुसून घेतला.