घर विकायला काढलं, तरी केर रोज काढायचा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आजचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण आपल्यापैकी बऱ्याच घरांत तो चालू आहे. इंदूर असो, ग्वाल्हेर असो की बडोदा, आपल्या मंडळींची जुनी घरं आता विक्रीला निघत आहेत. मुलं पुण्याला, हैदराबादला, परदेशात. म्हाताऱ्या माणसांना जिना चढवत नाही, गच्ची दर पावसाळ्यात गळते. सगळ्यांनी बसून निर्णय घेतलेला असतो, दलालाला सांगून झालेलं असतं. आणि मग सुरू होतो तो मधला काळ. घर अजून आपलंच, पण आता आपलं राहणार नाही. कोण कधी बघायला येईल सांगता येत नाही, म्हणून ते रोज आवरलेलं हवं.

इथल्या एका काकूंनी सत्संगानंतर प्रश्न विचारला. वय अठ्ठ्याहत्तर, लग्न होऊन आल्या त्याच घरात आजवर राहिलेल्या. घर बघायला आलेले एक गृहस्थ त्यांच्यासमोरच, त्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहून म्हणाले, "इसे तो पूरा तुड़वाना पड़ेगा." काकू म्हणाल्या, "ज्याला हे पाडायचंच आहे, त्याच्यासाठी मी रोज फरशी कशाला पुसू?"

कंबर दुखत असताना, मन दुखत असताना विचारलेला प्रश्न आहे हा. त्याला कोरडं उत्तर देऊन चालणार नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात, ज्यावर नाथमहाराजांनी मराठीत टीका लिहिली, भगवंत उद्धवाला सांगतात की गृहस्थाने घरात पाहुण्यासारखं राहावं. हे ऐकलं की आपल्याला वाटतं, म्हणजे घरातून लक्ष काढून घ्यायचं. पण आपल्याकडे येऊन गेलेला एखादा चांगला पाहुणा आठवून बघा. सकाळी उठून अंथरुणाची घडी करतो. ताट स्वतः उचलतो. न्हाणीघर कोरडं करून बाहेर येतो. घर त्याचं नाही हे त्याला माहीत असतं, म्हणूनच तो जास्त जपून वागतो. जपणूक पूर्ण, हक्क नाही.

त्याच स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कपोत आहे. पिल्लं जाळ्यात अडकलेली पाहून त्या कबुतराने स्वतःला त्याच जाळ्यात झोकून दिलं. घर जाणार म्हणून हातपाय गाळून बसणं ही कपोताची वाट. पण दुसरीही एक चूक आहे, ती लवकर लक्षात येत नाही. "विकायचंच आहे ना, मग गळू दे नळ!" माझं आहे तोवर पुसलं, माझं राहणार नाही म्हटल्यावर सोडलं. हेही ममत्वच की! गाडगेबाबा (1876-1956) दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे आणि पुढच्या गावाला निघून जायचे. गल्ली कोणाची हे त्यांनी पाहिलं नाही.

म्हणून काकूंना सांगितलं, फरशी गिऱ्हाइकासाठी पुसायचीच नाही. इतकी वर्षं तिने आपल्याला आसरा दिला, तिची सेवा म्हणून पुसायची. पुढे तो पाडेल की ठेवेल, ते त्याचं त्याच्यापाशी. काकू "बघते" एवढंच म्हणाल्या. आता त्यांच्या घरी फरशी मुलगा पुसतो आणि ओटा त्या स्वतः.

आता व्यवहाराचं बोलू.

दलालाला वेळ ठरवून द्या, समजा चार ते सहा, आणि येण्याआधी फोन करायला सांगा. मग पूजा आणि दुपारची झोप मोडत नाही. सगळं घर रोज आवरायच्या मागे लागू नका. ओटा-सिंक, न्हाणीघर, पलंग, दाराशी चपला आणि देवघर, या पाच जागा सकाळीच करून टाका. माळा मात्र एका दिवसाचं काम नव्हे. दर शनिवारी एक कोपरा घ्या. घंगाळ, बंब, गोधड्या, ट्रंका, जे निघेल त्याचे तीन ढीग करा: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. दागिने, रोकड, पासबुकं कुलपात ठेवा, कारण घरात अनोळखी माणसं फिरणार. रजिस्ट्री, कराच्या पावत्या, विजेची बिलं एका फाईलमध्ये. आणि हे सगळं एकट्या सुनेवर टाकू नका. सेवा वाटून घेतली तरच ती सेवा राहते.

एक गोष्ट मात्र आवरण्यात धरू नये. ओल आलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवणं, त्यावर घाईने रंग मारणं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष माहीत असेल तर तो खरेदीदाराला सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. कायदा नसता तरी आपल्याला हे सांगायला हवंच होतं. आपल्या मंडळातल्या एका ताईंनी ओल स्वतःहून दाखवली. पहिले लोक परत आले नाहीत. दुसऱ्यांनी भाव पाडून मागितला आणि घर त्यांनाच गेलं. पैसे कमी आले हे खरं. पण त्या घरातले लोक आज रस्त्यात भेटले तर ताईंना मान चुकवावी लागत नाही.

आणखी एक. घर आवरताना माणूस आवरू नका. "आजीची खुर्ची हलवा, काठी दिसायला नको, फोटो काढा" असं कोणी सुचवेल. आधी आजींना विचारा. घर विकेपर्यंत ते त्यांचं घर आहे, दुकानातला नमुना नाही. आणि तोडण्याफोडण्याची बोलणी बाहेर अंगणात करा असं दलालाला सांगायला संकोच करू नका.

या पंधरवड्याचा नेम असा. दिवेलागणीनंतर आपण केर काढत नाही, म्हणून दिवा लावून झाला की नाम घेत घरातून एक फेरी मारायची. प्रत्येक खोलीत एक वस्तू जागेवर ठेवायची आणि हात जोडायचे. ज्यांचं घर विकायचं नाही, त्यांनीही हा नेम करावा. निघायचं तर सगळ्यांनाच आहे.

ज्यांचा किल्ल्या देण्याचा दिवस येईल, त्यांनी सकाळी केर काढावा, देव घ्यावेत, आणि नव्या माणसाला शांतपणे सांगावं: पाण्याचा मुख्य कॉक इथे आहे, ही खिडकी पावसात फुगते, तुळशीला ऊन या बाजूने येतं.

॥ श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु ॥